न्यूमनच्या मागावर: बर्लिन, गेफेल आणि वेडेमार्क

गुरुवार, बर्लिन (ओबरश्योनेवायडे)

भाचा इथल्या एचटीडब्ल्यू नावाच्या कॉलेजात शिकतो आणि त्याचा नदीकाठचा कॅम्पस म्हणजे एकेकाळचा एईजी कंपनीचा केबलचा कारखाना. श्प्रे नदीच्या कडेला पिवळ्या विटांच्या लांबच लांब इमारती, आता आत लेक्चर हॉल आणि कँटीन. "मामा, अख्खं बर्लिन सोडून तू माझं कॉलेज बघायला आलास?" असं तो स्टेशनवरच म्हणाला. म्हणलं हो बाबा, कारण पहिल्या महायुद्धानंतर ह्याच कारखान्याच्या लॅबमधे गेओर्ग न्यूमन नावाचा एक तरुण ॲम्प्लिफायरवर काम करत होता आणि त्याच्या नावाचा माईक आम्ही साउंडवाले देवासारखा हाताळतो.

आता ज्यांचा ह्या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी पुण्यात साउंडचं काम करतो, नाटकं, ऑर्केस्ट्रा, मधूनमधून रेकॉर्डिंग. आमच्याकडे माईकच्या दोन जाती. एक अहुजा, जो मंडपात पडला, आपटला, कुणी त्यावर टकटक केलं, फुंकर मारली तरी चालतो. आणि दुसरा न्यूमन, ज्याला हात लावला की स्टुडिओवाला आधी आपल्याकडे बघतो आणि मग आपल्या हाताकडे. न्यूमनचा यू ८७ म्हणजे तोच तो, कुठल्याही गायक-गायिकेचा स्टुडिओतला फोटो काढून बघा, तोंडासमोर चपटा चंदेरी माईक असतो बघा, बहुतेक वेळा तोच किंवा त्याची नक्कल. ह्या कंपनीची सगळी गावं एकदा बघायची असं बरेच दिवस डोक्यात होतं, भाचा जर्मनीत गेल्यावर कारण मिळालं.

तर न्यूमनचा ह्या लॅबमधला साहेब होता ऑयगेन राइस. राइसने पुढे स्वतःची कंपनी काढली आणि न्यूमनला बरोबर घेतलं, आणि १९२३ च्या सुमाराला त्यांनी जो माईक बनवला तो चक्क संगमरवराच्या ठोकळ्यात होता. ठोकळ्यात खाच, खाचेत कोळशाची बारीक पूड, वर पातळ पडदा. आवाजाने पडदा दाबला की पूड दाबली जाते आणि तिच्यातून जाणारा करंट कमीजास्त होतो. संगमरवर का, तर जड असतो, स्वतः थरथरत नाही. टेलिफोनच्या माईकपेक्षा हा खूपच बरा होता पण कोळसा तो कोळसाच, मागे सतत खसखस चालू. आणि टायमिंग बघा, २९ ऑक्टोबर १९२३ ला जर्मनीतला पहिला नियमित रेडिओ कार्यक्रम बर्लिनमधूनच सुरू झाला, पोट्सडामर प्लाट्झजवळच्या व्हॉक्स हाउसमधून. म्हणजे माईकला गिऱ्हाईक दारात येऊन उभं.

संध्याकाळी त्या भागात गेलो तर व्हॉक्स हाउस आता नाहीच, १९७१ मधे पाडलं. जवळच हान्सा स्टुडिओ आहे, तो मात्र बघितला, बाहेरूनच. १९७७ मधे डेव्हिड बोवी ह्या इंग्लिश गायकाचा आवाज इथल्या मोठ्या हॉलमधे तीन माईकवर घेतला होता, एक तोंडाशी, एक काही फुटांवर, एक पार हॉलच्या टोकाला, आणि लांबचे दोन तो जोरात गायला तरच उघडायचे. भाच्याला हे सांगितलं तर त्याला बोवी कोण ते माहीत नाही. बरं.

शुक्रवार, बर्लिन

सकाळी ऑलिंपिक स्टेडियम. इथे येण्याचं कारण बाटली.

१९२८ मधे न्यूमनने राइसला रामराम ठोकून एरिश रिकमानबरोबर स्वतःची कंपनी काढली आणि कोळशाच्या जागी कंडेन्सर माईक बाजारात आणला, सीएमव्ही ३. कंडेन्सरचं तत्त्व काही त्याने शोधलेलं नाही, ते अमेरिकेत आधीच होतं, पण हा माईक रेग्युलर फॅक्टरीत ओळीने बनवून विकायला काढणारा तो पहिला. तबल्याची पुडी ताणतात तसा एक अतिशय पातळ पडदा ताणायचा, त्याच्या मागे केसाएवढ्या अंतरावर भोकं पाडलेली पितळेची तबकडी, दोन्हींमधे व्होल्टेज. पडदा हलला की अंतर बदलतं, सिग्नल मिळतो. पण हा सिग्नल इतका नाजूक की दोन मीटर केबलमधेच मरून जाईल म्हणून त्याच्या बुडाशीच सिग्नल वाढवणारा व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी) बसवायला लागायचा. त्यामुळे अख्खा माईक झाला ४० सेंटिमीटर उंच आणि वजन ३ किलोच्या घरात. लोक त्याला सरळ न्यूमनची बाटलीच म्हणायचे. विकायची एजन्सी टेलिफुंकन ह्या रेडिओ कंपनीकडे.

१९३६ च्या ऑलिंपिकला ह्या बाटल्या लावल्या होत्या. आणि नाझी पुढाऱ्यांच्या भाषणांसमोरही ह्याच. जुन्या फोटोत टेबलावर जाडजूड गोल डोक्याची जी बाटली दिसते ती ही. कंपनी वाढली ती ह्याच वर्षांत, रेडिओ सरकारी, ऑर्डरी सरकारी, हे गाळून न्यूमनचा इतिहास सांगताच येत नाही. भाचा मात्र स्टेडियममधे वेगळ्याच कारणाने खूष होता, १५ ऑगस्ट १९३६ ला इथल्याच हॉकीच्या मैदानावर ध्यानचंदच्या टीमने जर्मनीला ८-१ ने हाणलं होतं. त्याने कुठल्या तरी मोकळ्या मैदानासमोर उभं राहून सेल्फी काढला, तेच ते मैदान होतं का देव जाणे.

तिथून हाउस डेस रुंडफुंक्स, म्हणजे १९३१ मधे उघडलेली रेडिओची इमारत. हान्स पोएल्झिग नावाच्या आर्किटेक्टने ऑफिसं सगळी बाहेरच्या बाजूला आणि स्टुडिओ आत मधोमध अशी रचना केलीय, म्हणजे रस्त्याचा आवाज आधी कारकुनांना ऐकू येणार. हे डोकं आपल्याकडे ऑडिटोरियम बांधणाऱ्यांना का सुचत नाही? आपल्याकडे स्टेजच्या भिंतीला लागून पार्किंग, तिसऱ्या अंकात कुणीतरी रिव्हर्स घेतो आणि त्याच्या गाडीचं पियानो संगीत पहिल्या रांगेपर्यंत.

दुपारी मिखाएलकिर्खश्ट्रासे. न्यूमनचा युद्धाआधीचा कारखाना ह्या रस्त्यावर होता. नोव्हेंबर १९४३ मधे बर्लिनवर जे मोठे हवाई हल्ले झाले त्यात कारखान्यावर बॉम्ब पडला, आग लागली. रस्त्याच्या टोकाला ज्या चर्चवरून नाव पडलंय ते सेंट मायकलचं चर्च आहे, त्याचाही मधला भाग युद्धात गेला तो गेलाच, छप्पर नाही, पुढचा दर्शनी भाग उभा. आणि चर्चसमोरूनच नंतर भिंत गेली, बर्लिनची भिंत. आता तिथे छान तळं आहे, कॅफे आहे, आम्ही कॉफी घेतली. कारखान्याची खूण मला काही सापडली नाही, अपार्टमेंटं आणि पार्क केलेल्या सायकली.

कंपनीचं ऑफिस आजही बर्लिनमधेच आहे पण तिकडे गेलो नाही. ऑफिसात काय बघायचं.

शनिवार, खोरिन

हा दिवस म्हणजे पिकनिक. बर्लिनपासून रिजनल ट्रेनने तासाभराच्या आत खोरिन, न्यूमन इथे जन्मला, १३ ऑक्टोबर १८९८. गाव म्हणजे जंगल, एक तळं आणि तेराव्या शतकातला विटांचा पडका मठ. पण त्या मठात उन्हाळ्यात ऑर्केस्ट्राच्या मैफिली होतात, १९६४ पासून, आणि लोक हिरवळीवर चादर टाकून पडून ऐकतात. विटांच्या उंच भिंती आहेत पण एक बाजू उघडी, त्यामुळे आवाज घुमतो पण साचत नाही. मी टाळ्या वाजवून बघितल्या, एक आजी रागाने बघायला लागल्या, मग बंद केलं.

बाकी तिथे त्याच्या नावाचं मला काही दिसलं नाही. बटाट्याची सॅलड खाल्ली, परत आलो.

रविवार, म्योडलारॉयट

भाड्याची गाडी, भाचा ड्रायव्हर, ए ९ हायवे धरून सरळ खाली दक्षिणेला. गेफेल हे थ्युरिंगिया राज्याच्या अगदी शेपटाला, बव्हेरियाच्या हद्दीला लागून. त्याच्याच नगरपालिकेत म्योडलारॉयट नावाची वाडी येते, आणि आज रविवार म्हणून आधी तिकडे गेलो.

पन्नासेक माणसांची वस्ती असेल नसेल. मधून ओढा जातो, टानबाख, उडी मारली तर पलीकडे. ओढ्याच्या ह्या बाजूला थ्युरिंगिया, त्या बाजूला बव्हेरिया. युद्धानंतर ओढा ही रशियन आणि अमेरिकन झोनमधली सीमा झाली, मग दोन देशांची, आणि १९६६ मधे तिथे खरोखरची काँक्रीटची भिंत बांधली, ७०० मीटर लांब. पन्नास माणसांच्या गावात! अमेरिकन सैनिक ह्याला लिटल बर्लिन म्हणायचे, थोरले बुश उपराष्ट्राध्यक्ष असताना १९८३ मधे बघून गेले. आता म्युझियम आहे, भिंतीचा एक तुकडा, टेहळणीचा मनोरा, तारा जागच्या जागी ठेवल्यात. भाचा एरवी बडबड करतो तो इथे बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, "पण मामा, ह्याचा माईकशी काय संबंध?"

संबंध असा की न्यूमन कंपनीचं नेमकं हेच झालं.

सोमवार, गेफेल

बर्लिनमधे बॉम्ब पडल्यावर न्यूमनने १९४३ च्या शेवटी मशिनं, माणसं, जे काय वाचलं होतं ते सगळं उचलून ह्या गेफेलला आणलं. बर्लिनपासून जवळजवळ ३०० किलोमीटर, खेडंवजा गाव, इथे कोण बॉम्ब टाकणार. हा सगळा पट्टा फोग्टलांडचा, कारागिरांचा, प्लाउएनला लेस बनवतात, पलीकडे क्लिंगेंथालला माउथ ऑर्गन आणि ॲकॉर्डियन बनतात. आमचे पेटीवाले जर्मन सुरांच्या नावाने अजून जीव टाकतात ते आठवलं. म्हणजे बारीक कामाला हात बसलेली माणसं इथे होती.

एप्रिल १९४५ मधे इथे अमेरिकन आले आणि जुलैत ठरल्याप्रमाणे थ्युरिंगिया रशियनांच्या ताब्यात देऊन निघून गेले. सीमा गेफेलपासून चार पावलांवर आखली गेली, गाव मात्र पूर्वेला राहिलं. न्यूमन स्वतः ह्यानंतर पश्चिमेकडे. त्याने १९४७ मधे पश्चिम बर्लिनमधे नव्याने कंपनी उभी केली, गेफेलचा कारखाना एरिश क्यूनास्ट ह्या जुन्या सहकाऱ्याकडे राहिला. आता एका माणसाच्या दोन कंपन्या, मधे सीमा, सुरुवातीला येणं-जाणं होतं, ऑगस्ट १९६१ मधे बर्लिनची भिंत उभी राहिली आणि ते संपलं. १९७२ मधे पूर्व जर्मन सरकारने उरलेसुरले खाजगी कारखाने ताब्यात घेतले त्यात गेफेलही गेलं, नाव झालं मिक्रोफोनटेक्निक गेफेल.

(मधल्या काळात न्यूमन साहेबांनी आणखी एक काम केलं जे कुणाला माहीत नसतं. हवाबंद निकेल-कॅडमियम बॅटरीत गॅस साठून ती फुटू नये ह्याचा उपाय त्याने १९४७ मधे काढला. पहिल्या रिचार्जेबल सेलवर चालणारे वॉकीटॉकी, ट्रिमर, कॉर्डलेस फोन सगळे त्याच्या उपकारात.)

पश्चिमेच्या कंपनीचं पुढे सगळ्यांना माहितीये. १९४९ मधे यू ४७, म्हणजे त्या ३ किलोच्या बाटलीचं सगळं तंत्र हातात मावेल अशा नळकांड्यात, आणि एक स्विच फिरवला की समोरचंच ऐकेल किंवा चारी बाजूंचं. अमेरिकेत तो टेलिफुंकनच्या नावाने विकला गेला, फ्रँक सिनात्रापासून सगळे गायक त्यावर गायले. १९५१ चा एम ४९, ज्याचा पॅटर्न, म्हणजे कुठल्या बाजूचं ऐकायचं ते, लांबून, पॉवर सप्लायवरून बदलता यायचा. मग पंचाईत अशी झाली की यू ४७ मधला व्हीएफ १४ व्हॉल्व्ह टेलिफुंकनने बनवायचा बंद केला, तो मुळात रेडिओ सेटसाठीचा व्हॉल्व्ह, माईकवाल्यांसाठी कोण चालू ठेवणार, आणि आलेल्यातले बरेचसे आवाज करतात म्हणून न्यूमनला टाकूनच द्यावे लागायचे. म्हणून १९६० ला यू ६७ दुसऱ्या व्हॉल्व्हवर, आणि १९६७ ला त्याच अंगाचा पण ट्रान्झिस्टरवाला यू ८७.

आणि ४८ व्होल्ट! मिक्सरवर लाल दिव्याचं ते बटण असतं, फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माईकला वीज, ते कुठून आलं हे मला बरेच वर्षं कोडं होतं, की बाबा ४८ च का, ५० का नाही. १९६६ मधे नॉर्वेच्या रेडिओला असे माईक हवे होते ज्यांना वेगळा पॉवर सप्लाय लागणार नाही, आणि त्यांच्या स्टुडिओत इमर्जन्सी लाइटसाठी ४८ व्होल्टची लाइन आधीच होती. झालं, न्यूमनने केएम ८४ हा माईक त्यावर चालवला आणि सगळं जग त्याच्या मागे गेलं. नॉर्वेतल्या दिव्यांमुळे आज सातारच्या गणपती मंडळाच्या मिक्सरवर पण ४८ व्होल्ट.

त्याच काळात गेफेल काय करत होतं? माईकच बनवत होतं. यू ४७ मधे जी कॅप्सूल (माईकचा पडदा आणि तबकडीचा भाग) होती ती एम ७, १९३२ ची, बाटलीवर बसवायची. तिचा पडदा पीव्हीसीचा, त्यावर सोन्याचा मुलामा. पीव्हीसी कालांतराने सुकतो, तडकतो म्हणून पश्चिमेने पॉलिएस्टरचा पडदा घेतला, नवीन कॅप्सूल केली. गेफेलने मात्र एम ७ तशीच चालू ठेवली, पूर्वेच्या रेडिओसाठी, टीव्हीसाठी, पुढे यूएम ५७ सारख्या माईकमधे, आणि ती आजही तिथे बनते. जगातले निम्मे लोक जुन्या यू ४७ च्या आवाजासाठी लाखो रुपये मोजतात आणि त्याचा आत्मा एका गावात सलग बनत राहिलाय ज्याचं नाव ऐकून माझे अर्धे साउंडवाले मित्र "कुठलं फेल?" विचारतात. पीव्हीसीत आणि पॉलिएस्टरमधे फरक ऐकू येतो का? येतो. लोक सांगतात तेवढा येतो का, तर माझ्या कानाला तरी नाही. गायक कोण आहे ह्याने जास्त फरक पडतो.

कारखाना अजून चालू आहे, मिक्रोटेक गेफेल. ज्या चौकात आहे त्या चौकाचंच नाव गेओर्ग-न्यूमन-प्लाट्झ. बर्लिनमधे दोन दिवस ज्याची पाटी शोधत फिरलो ती इथे, सीमेवरच्या खेड्यात, निळ्या आकाशाखाली ढळढळीत लावलेली! सोमवार म्हणून लोक कामाला आलेले, आम्ही बाहेरूनच बघितलं. फोटो काढताना एका माणसाने हात केला, आम्हीही केला. भाचा त्याच्याशी जर्मनमधे काहीतरी बोलला आणि मला म्हणाला, "मी सांगितलं माझा मामा भारतातून तुमचा माईक बघायला आलाय, तो म्हणाला लोक येतात." बस एवढंच, लोक येतात.

गेफेलहून निघेपर्यंत दुपार झाली. हॅनोव्हरपर्यंत चारेक तास, मधे पाऊस.

मंगळवार, हॅनोव्हर आणि वेडेमार्क

हॅनोव्हर ह्या शहराचा आणि आवाजाचा जुना संबंध आहे. ग्रामोफोन काढणारा एमिल बर्लिनर इथलाच, १८५१ चा जन्म, आणि तबकड्या छापायचा कारखाना त्याने आणि भावाने इथे १८९८ मधे काढला, म्हणजे न्यूमन जन्मला तेच वर्ष. १९०२ मधे कलकत्त्याला गौहर जानचं पहिलं रेकॉर्डिंग झालं त्याच्या तबकड्या छापायला इथेच पाठवल्या होत्या. तेव्हा माईक नव्हताच, भोंग्यात तोंड घालून ओरडायचं. न्यूमन कंपनीने पुढे तबकडी कोरायची मशिनंही बनवली, कित्येक एलपी त्याच मशिनांवर कोरल्या गेल्या, म्हणजे गाणं आत जाताना न्यूमन आणि बाहेर येतानाही न्यूमन.

शहरातून लोकल पकडून उत्तरेला वेनेबोस्टेल, वेडेमार्कमधलं गाव. १ जून १९४५ ला, म्हणजे युद्ध संपून महिना पण झाला नव्हता, फ्रिट्झ सेनहायझरने सात इंजिनियर घेऊन इथल्या एका घरात लॅब काढली, लाबोर डब्ल्यू. पहिला माल व्होल्टमीटर, गिऱ्हाईक सीमेन्स. पुढच्या वर्षी माईक. १९५८ पासून सेनहायझर हे नाव. १९६८ चा उघडा हेडफोन एचडी ४१४, पिवळ्या स्पंजवाला, तो तर लाखोंनी खपला. कंपनीच्या रस्त्याचं नाव आजही आम लाबोर, लॅबचा रस्ता.

आणि १९९१ मधे सेनहायझरने न्यूमन विकत घेतली. गेओर्ग साहेब १९७६ लाच गेले होते. कॅप्सूल बनवायचं काम बर्लिनहून उचलून इथे वेडेमार्कला आणलं, धूळ अजिबात नसलेल्या क्लीनरूममधे. ह्यावर रडणारे लोक मी बघितलेत, मला नाही पटत. सेनहायझरकडे पैसा होता, मशिनं होती, यू ८७ आज जो एकसारखा मिळतो, कुठलाही उचला तसाच वाजतो, ते त्यामुळे. उलट सेनहायझरने स्वतःचा घरगुती हेडफोनचा धंदा नंतर सोनोव्हा नावाच्या स्विस कंपनीला विकून टाकला आणि न्यूमन ठेवली, ह्यावरून काय ते समजा. पण गंमत ही की बर्लिनमधे राहिलेल्या न्यूमनचा कारखाना बर्लिनमधून गेला आणि बॉम्बच्या भीतीने १९४३ ला तात्पुरता हलवलेला भाग अजून हलवल्या जागीच काम करतोय.

बाहेर उभं राहून भाच्याने विचारलं, "मग मामा, पैसे असते तर कुठला घेतला असतास?" म्हणलं स्टुडिओसाठी इथला, कारण पुण्यात दुरुस्तीला माणूस सापडतो. स्वतःसाठी गेफेलचा.

कुणाला जायचं असेल तर: गेफेल आणि म्योडलारॉयटला स्वतःची गाडी पाहिजेच, होफ स्टेशनपर्यंत ट्रेन आहे पण पुढे रविवारी बसचा भरवसा धरू नका. म्युझियम सोमवारी बंद असतं. खायला बरोबर न्या, आम्ही चकल्यांवर दिवस काढला. खोरिनची मैफल जुलै-ऑगस्टमधे असेल तर तिकीट काढून हिरवळीवरच बसा, आतल्या खुर्च्या महाग आहेत आणि आवाज बाहेर जास्त मोकळा येतो.